वर्धेच्या दोन तीरांवर: चमत्कार आणि मराठी ख्रिस्ती श्रद्धा

नरखेड तालुका नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला आहे. पश्चिमेला वर्धा नदी आणि तिच्यापलीकडे अमरावती जिल्ह्यातले वरूड, मोर्शी. उत्तरेला मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौंसर. मोवाड, जलालखेडा, सावरगाव, भिष्णूर ही इथली जुनी गावे. काळी जमीन, पूर्वी कापूस आणि आता संत्री. पूर्वीच्या काटोल तहसिलीत मोडणाऱ्या या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती नेहमीच विरळ राहिली, पण दोन भिन्न ख्रिस्ती प्रवाह मात्र त्याच्या दोन्ही अंगांना येऊन ठेपले. पूर्वेला नागपुरात स्कॉटलंडच्या मिशनने शाळा, कॉलेज आणि दवाखाना उभारला. पश्चिमेला, वर्धा ओलांडली की वऱ्हाडात, प्रार्थनेने रोग बरा होतो असे शिकवणारे अमेरिकन मिशन काम करत होते. चमत्कार हा श्रद्धेचा पाया मानायचा की नाही, या वादाचा मराठी इतिहास या दोन प्रवाहांत जवळजवळ पूर्ण सापडतो.

वादाचे मूळ खुद्द शुभवर्तमानांत आहे. येशूने आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना शुद्ध केले, पाच हजारांना जेवू घातले, असे ती सांगतात. त्याच ग्रंथांत चिन्ह मागणाऱ्यांना त्याने नकार दिल्याचेही नमूद आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून दाखव, हे त्याला सैतानाने घातलेले प्रलोभन होते. भाकरी खाऊन मागे लागलेल्या गर्दीला तो पोटासाठी आल्याबद्दल टोकतो, आणि पुनरुत्थानानंतर जखमांना हात लावून पाहू मागणाऱ्या थोमाला, न पाहता विश्वास ठेवणारे अधिक धन्य, असे सांगतो. त्यामुळे चमत्कारावर टेकलेली श्रद्धा आणि चमत्कारावाचून उभी राहणारी श्रद्धा, दोन्ही बाजूंना शास्त्राधार मिळतो. कोणत्या काळात कोणत्या वचनांवर भर पडला, हे मात्र त्या त्या काळच्या श्रोत्यांनी ठरवले.

या मुलखातले श्रोते चमत्कारांना नवखे नव्हते. वर्धेपलीकडे मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव, महानुभावांचे महत्त्वाचे तीर्थ. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने तिथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि त्या लीळांत अद्भुताला जागा आहे. वारकऱ्यांच्या घराघरांत ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले आणि भिंत चालवली, ही कथा लहान मुलांनाही पाठ. विसाव्या शतकात नागपूरच्या ताजुद्दीन बाबांभोवती आणि शेगावच्या गजानन महाराजांभोवती अशाच कथांचे मोहोळ जमले. त्याचबरोबर वारकरी परंपरेत सिद्धी दाखवण्याबद्दल तिटकाराही जुना आहे. मंत्र-तंत्र, भविष्य आणि दिखाऊ सिद्धाई यांची तुकारामांनी केलेली हेटाळणी प्रसिद्ध आहे. चमत्काराची ओढ आणि चमत्काराचा कंटाळा दोन्ही या मातीतले. परक्या धर्मप्रचारकाला इथे नवे काही सांगायचे होते ते या दुहेरी वृत्तीच्या लोकांना.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ गोव्यात झाला. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्ताचे चमत्कार पुराणाच्या ढंगात रंगवलेले आहेत. श्रोत्यांकडून पुराणे काढून घेतली गेली होती. त्यांच्या जागी दुसरे पुराण द्यायचे, हा हेतू. तिथे चमत्कार कथेचा भाग म्हणून येतो, आणि कथा ऐकणारा मनुष्य तो खरा की खोटा हे पारखायला बसत नाही. ब्रिटिश अमदानीत प्रॉटेस्टंट मिशनरी आले तेव्हा चित्र पालटले. त्यांनी चमत्काराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले.

यामागे इंग्लंडातला एक तर्क होता. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये चमत्काराच्या साक्षीवर घणाघात केला होता. त्याला उत्तर म्हणून विल्यम पेली याने १७९४ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवर ग्रंथ लिहिला. ज्यांनी चमत्कार पाहिले त्यांनी त्यापायी हाल सोसले, खोट्यासाठी कोणी एवढे सोसत नाही, म्हणून साक्ष खरी आणि धर्मही खरा, अशी त्याची मांडणी. पुढची कित्येक दशके हा ग्रंथ केंब्रिजमध्ये पाठ्यपुस्तक होता. मुंबईत १८४८ मध्ये आलेला अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन तर तरुणपणी नास्तिक होता आणि ग्रंथालयातून चुकून हाती आलेले पेलीचे पुस्तक वाचून तो पालटला. अशा माणसांना वाटे की जो पुरावा आपल्याला पटला तो मराठी माणसालाही पटेल.

तो पटला नाही. १८३१ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनने १८३२ मध्ये तिला पुस्तकरूपाने उत्तर दिले. कंपनीचा मुलकी अधिकारी जॉन म्यूर याने १८३९ मध्ये कलकत्त्याहून ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ काढला. खऱ्या धर्मशास्त्राची लक्षणे सांगताना संस्थापकाची आश्चर्यकृत्ये करण्याची शक्ती हे लक्षण त्याने अग्रभागी ठेवले, आणि या कसोटीला ख्रिस्ती शास्त्रच उतरते असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी भोपाळजवळच्या सीहोरहून मराठी पंडित सुबाजी बापू यांनी ‘सोमनाथ’ या नावाने संस्कृतातच प्रत्युत्तर दिले. बंगालमधून हरचंद्र तर्कपंचाननांचे उत्तर आले, काशीहून नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांचे.

पंडितांच्या बाजूला एक मुद्दा नेहमी हाताशी असे, आणि तो बिनतोड होता. आश्चर्यकृत्ये हीच कसोटी असेल तर कृष्णाने गोवर्धन उचलला, अगस्तीने समुद्र प्यायला. मग आमचे शास्त्र कसे हरते? यावर मिशनऱ्याला म्हणावे लागे की तुमच्या कथा खोट्या, आमच्या खऱ्या. पण तुमच्या कथा खोट्या हे ठरवायला तो जी बुद्धी वापरायचा तीच त्याच्या कथांनाही लावता येत होती. युरोपात चमत्कार दुर्मीळ झाले होते म्हणून त्यांना पुराव्याची किंमत चढली होती. इथे ते घरोघरी होते. पेलीचा तर्क चुकीचा की बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो चुकीच्या बाजारात विकायला काढलेला माल होता, एवढे निश्चित.

नागपूरचे मिशन याच काळात सुरू झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघाले. त्याचा तरुण पाळक स्टीफन हिस्लॉप फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपुरात पोचला. तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते आणि काटोल-नरखेडचा हा सगळा टापू त्यांच्या राज्यात होता. १८४६ मध्ये हिस्लॉपने शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हा सहकारी आला. दोघांनाही उपदेशाइतकाच दगडांचा नाद. नागपूरजवळ टाकळी येथे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये सापडलेले गोड्या पाण्यातले शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष यांवर त्यांनी लिहिले, आणि लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने १८५५ मध्ये ते छापले. नरखेडची काळी जमीन ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली त्याच खडकाची ही कहाणी. एका खनिजाला पुढे हिस्लॉपाइट असे नाव पडले.

शाळेत हिस्लॉपने शिकवलेला भूगोल आणि खगोल हाही धर्मप्रचाराचाच भाग होता. मेरू पर्वत आणि सात समुद्र यांचा भ्रम गेला की पुराणांवरचा विश्वास डळमळेल, अशी त्या पिढीच्या मिशनऱ्यांची अपेक्षा. स्कॉटिश शाळांची हीच रीत कलकत्त्यात अलेक्झांडर डफने आणि मुंबईत विल्सनने घालून दिली होती. विश्वास डळमळला खरा, पण तो सगळीकडचाच. निसर्गाचे नियम अढळ आहेत हे शिकलेला विद्यार्थी समुद्रावर चालण्याच्या कथेपाशीही थबकू लागला.

हिस्लॉपचा मृत्यू या विषयात वगळता येत नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये तो मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याच्याबरोबर नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेला होता. टेंपल पुढे निघाला. हिस्लॉप एका शाळेची तपासणी करण्यासाठी मागे थांबला. संध्याकाळी घोड्यावरून छावणीकडे परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. तारीख ४ सप्टेंबर. चार दिवसांनी त्याला शेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती. लाल समुद्र दुभंगल्याची गोष्ट ज्याने अठरा वर्षे शिकवली त्याच्यासाठी एक ओढा ओसरला नाही. नागपूरच्या छोट्या मंडळीने शाळा बंद केली नाही, उपासना थांबवली नाही. १८८३ मध्ये त्या शाळेचे कॉलेज झाले आणि त्याला हिस्लॉपचे नाव मिळाले. गोंडांच्या भाषा-रूढींवरची त्याची टिपणे टेंपलने संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

एव्हाना मराठी सुशिक्षितांमध्ये तिसरा पक्ष उभा राहिला होता. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. एकेश्वर, प्रार्थना आणि नीती त्याने घेतली. अवतार आणि चमत्कार दोन्ही सोडले. येशूच्या नीतीबद्दल त्यांना आदर होता. त्याच्या चमत्कारांची त्यांना गरज वाटली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. मिशनऱ्यांच्या शाळांबद्दल कृतज्ञता बाळगूनही त्यांनी आपला ‘निर्मीक’ कोणत्याही एका ग्रंथाच्या चौकटीत बसवला नाही. ख्रिस्ती प्रचारकापुढे आता पुराणिक नव्हता. त्याच्यासारखेच इंग्रजी शिकलेला, ह्यूम आणि मिल वाचलेला माणूस होता. या माणसाला चमत्काराचा पुरावा देणे म्हणजे त्याचे तोंड दुसरीकडे फिरवणे.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे आयुष्य या पेचातून गेले. १८२५ चा जन्म, कोकणस्थ घराणे, वाढ काशीत. म्यूरच्या खंडनासाठी त्यांनी संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्यासाठीच ख्रिस्ती ग्रंथ वाचता वाचता १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नाव घेतले. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांची चिकित्सा केली आणि अँग्लिकन पाळक झाले. हे सगळे जगजाहीर. कमी सांगितले जाते ते असे की शंकांनी त्यांचा पाठलाग मरेपर्यंत सोडला नाही. तर्काने धर्म सिद्ध करू पाहणाऱ्या माणसाला प्रत्येक पुराव्यामागे नवी शंका दिसे. धर्म सोडावा की काय इथपर्यंत मन जाई आणि पुन्हा प्रार्थनेकडे वळे. चमत्काराने शंका मिटल्याचा दावा त्यांनी केला नाही. शंकेसकट त्यांनी व्रतस्थ आयुष्य काढले, साधे राहिले, आणि पंडिता रमाबाईंसारख्या कितीतरी जणांना वाट दाखवली. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी मुंबईत दुसऱ्या एका चित्पावनाचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याची कथा नागपुरात सुरू होते. नारायण वामन टिळक हे कवी, संस्कृतज्ञ, नोकरीच्या बाबतीत अस्थिर. १८९० नंतर ते काही काळ नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम करत होते. ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. जुना हिंदू धर्म त्यांना अपुरा वाटू लागला होता आणि राष्ट्राला नवा धर्म हवा, हा विचार डोक्यात घोळत होता. १८९३ मध्ये राजनांदगावच्या नोकरीसाठी ते नागपूरहून आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने कवितेवर, धर्मावर मोकळेपणाने गप्पा मारल्या, उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून गेला.

वाचीन असा दिलेला शब्द पाळण्यापुरते टिळकांनी पुस्तक उघडले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, तीन अध्यायांच्या डोंगरावरील प्रवचनाशी, आले आणि पुढे सरकेनात. शत्रूवर प्रीती करा, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नका, दुसऱ्याचा न्याय करू नका: ज्या प्रश्नांनी त्यांना छळले होते त्यांची उत्तरे तिथे मिळाली, असे त्यांनी पुढे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतल्या भेंडीबाजारच्या अमेरिकन मिशन चर्चमध्ये रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दीक्षा देशी पाळकाच्या हातूनच हवी हा त्यांचा आग्रह होता. गाडीतल्या माणसाचे भाकीत दोन वर्षांत खरे ठरले याचे चरित्रकारांना अप्रूप वाटते, आणि एखाद्या भाविकाने त्यालाच चमत्कार म्हटले तर त्याला अडवण्याचे कारण नाही. पण टिळकांच्या स्वतःच्या सांगण्यात वजन आहे ते त्या तीन अध्यायांना, आणि त्या तीन अध्यायांत एकही चमत्कार नाही.

हा बदल मोठा होता. विल्सन-म्यूरच्या पिढीने येशू देव आहे हे त्याच्या कृत्यांवरून सिद्ध करू पाहिले होते. टिळकांनी उलट टोकाकडून सुरुवात केली: आधी येशूचे शील, मग त्याच्यावरचे प्रेम, आणि त्या प्रेमातून उरलेले सगळे. त्यांनी चमत्कार नाकारले नाहीत. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यात शुभवर्तमानातल्या कथांना जागा आहेच. पण त्यांची भजने आणि अभंग वाचताना समोर येतो तो गुरू, सखा, माउली असलेला ख्रिस्त. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो अशी त्यांची भावना होती, आणि तो पूल भक्तीचा. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून टिळकांची गीते आजही म्हटली जातात, त्यामुळे पंडितांच्या वादातून आलेला हा धडा ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्याही ओठी बसला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ काढला. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहूनही उलगडून पाहण्यासारखी आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या, मग सोवळे सांभाळून एका घरात राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी जे सांगितले आहे त्यात दृष्टान्त नाही, आकाशवाणी नाही. जात देवाने केली की माणसाने, हा एकच प्रश्न त्या मनाशी घोळत राहिल्या. माणसानेच केली असे उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिण्याला त्यांनी सुरुवात केली, आणि पतीला त्याचे आश्चर्य वाटले. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरे केले. धर्मांतराच्या मराठी कथांमध्ये इतकी साधी, इतकी स्वयंपाकघरातली आणि इतकी पक्की दुसरी नाही.

वर्धेच्या पश्चिम तीरावर याच वर्षांत वेगळे वारे होते. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ पर्यंत मध्य प्रांतापासून वेगळे राहिले, म्हणून नदी ही शासनाचीही सीमा होती. अकोल्याला मुख्य ठाणे असलेले ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स हे मिशन कॅनडात जन्मलेल्या ए. बी. सिंप्सन या पाळकाच्या चळवळीतून निघालेले. ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि परत येणारा राजा, ही त्याची चौसूत्री. तिसऱ्या सूत्राचा अर्थ असा की प्रार्थनेने शरीरही बरे होते. सिंप्सन स्वतः १८८१ मध्ये दुखण्यातून असाच उठल्याचे सांगे. त्याच्या चळवळीतले सुरुवातीचे अनेक जण औषध टाळत. आफ्रिकेतल्या हिवतापाने त्यांचे बळी घेतले तेव्हा हा कडवेपणा सैल पडला. वऱ्हाडातल्या यवतमाळ भागात फ्री मेथडिस्ट हे पावित्र्यावर भर देणारे मिशन होते. टिळकांना गाडीत भेटलेला गृहस्थ त्यांच्यापैकी अर्नेस्ट वॉर्ड असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. तसे असेल तर पावित्र्याच्या चळवळीतल्या माणसाने दिलेल्या पुस्तकातून टिळकांनी नीतीचे प्रवचन उचलले.

पश्चिमेकडच्या या प्रवाहाला मोठे भरते आले ते पुण्याजवळ केडगावला. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-स्त्रिया वाचवून आणल्या होत्या आणि त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे केले होते. जून १९०५ मध्ये तिथे आत्मिक संजीवन झाले. मुली रात्र रात्र प्रार्थना करत, रडत, पापांची कबुली देत. काहींना अग्नीचा भास झाला, काही अनोळखी भाषा बोलू लागल्या. जगातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव लॉस एंजेलिसच्या आधी येते. रमाबाईंनी या घटना नाकारल्या नाहीत, पण मुक्ती सदनाचा दिनक्रम त्यांवर उभा नव्हता. विहिरी खणणे, माग, छापखाना, शेती, स्वयंपाक चालूच होते. रमाबाईंचा स्वतःचा शेवटचा मोठा उद्योग म्हणजे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर. १९२२ च्या एप्रिलमध्ये वारण्यापूर्वी त्यांनी ते संपवले. जिथे चमत्कार झाले असे सगळे म्हणतात तिथल्या बाईने उरलेली वर्षे शब्दकोश आणि मुद्रिते यांत घालवावीत, याला अर्थ आहे.

नागपूरकडे रोगाला दुसरे उत्तर होते. फ्री चर्चच्या स्त्री-शाखेने १८९६ मध्ये तिथे स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल हॉस्पिटल काढले. बाळंतपणात बाई दगावणे ही काटोल-नरखेडसारख्या टापूत नेहमीची गोष्ट होती. आधी प्रार्थना, मग शस्त्रक्रिया, असा मिशन दवाखान्यांचा रिवाज. पण बरे होण्याचे श्रेय साबण, क्लोरोफॉर्म आणि परिचारिकेच्या जागरणाला आहे हे डॉक्टरीण जाणून होती. सेवा हीच साक्ष, ही भूमिका इथे रुजली. तिच्यावरही आक्षेप आला. रोग्याच्या असहायतेचा फायदा घेऊन धर्म गळी उतरवला जातो, असे टीकाकार म्हणत. गरिबांच्या सामुदायिक धर्मांतरामागची कारणे शोधण्यासाठी राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेच्या वतीने जे. वास्कम पिकेट यांनी पाहणी केली आणि १९३३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. आध्यात्मिक, सामाजिक, कौटुंबिक अशी नाना कारणे त्यात निघाली. त्याहून महत्त्वाचा त्यांचा निष्कर्ष असा की माणूस कोणत्या कारणाने आला यापेक्षा आल्यावर त्याला किती शिकवले, उपासनेत किती बसवले, यावर त्याची श्रद्धा ठरते.

१९३५ मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि ख्रिस्ती पुढाऱ्यांनाही आशा वाटली. पिकेट त्यांना भेटलेही. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा झाली ती बौद्ध धम्माची. पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अलौकिकावर विश्वास ठेवणे म्हणजे धम्म नव्हे असे त्यांनी स्वच्छ लिहिले: बुद्धाने चमत्कार झिडकारले ते माणसाला बुद्धिवादाकडे नेण्यासाठी, सत्यशोधाला मोकळे करण्यासाठी आणि अंधश्रद्धेचा उगम बुजवण्यासाठी. नरखेड-काटोलच्या गावांतही ही दीक्षा पोचली. ज्या दलित समाजाला मिशनरी शंभर वर्षे साद घालत होते त्याने चमत्काररहित धर्म निवडला, ही गोष्ट नागपूरच्या ख्रिस्ती विचारवंतांना डोळ्याआड करता येण्याजोगी नव्हती. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज हे अमरावतीकडचे दोघे कीर्तन-भजनांतून हेच वेगळ्या शब्दांत सांगत होते. तुकडोजींची ‘ग्रामगीता’ चमत्कारांच्या नादाला लागणाऱ्यांना खडसावते.

त्याच सुमारास नागपुरात सरकारी चौकशीही झाली. तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या या शहरात एप्रिल १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची समिती नेमली गेली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा यांचा धर्मांतरासाठी वापर होतो असा तिचा ठपका. ख्रिस्ती संघटनांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला. वाद कडू होता. त्यातून निष्पन्न झालेली एक गोष्ट अशी की परदेशी मिशनवर टेकलेल्या मंडळ्यांना आपल्या पायावर उभे राहण्याची घाई झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. स्कॉटिश मिशनच्या मंडळ्या त्याआधीच एका संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या होत्या, त्या या नव्या चर्चमध्ये आल्या. नियमित उपासना, वर्षभराचे वाचनक्रम, दृढीकरणापूर्वीचे शिक्षण, प्रभुभोजन ही त्याची घडी.

प्रार्थनेने रोग बरा होतो असे मानणारा प्रवाहही आटला नाही. पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांमध्ये रोग्यांसाठी प्रार्थना आणि बरे झालेल्यांची साक्ष हा आठवड्याचा भाग असतो, आणि जुन्या मंडळ्यांतले लोकही दुखण्यात तिकडे जातात. कॅथलिक परंपरेत संतपदासाठी चमत्कार आवश्यक असला तरी तो डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासला जातो. मदर तेरेसांना २०१६ मध्ये संत घोषित केले तेव्हा त्यावर भारतातल्या बुद्धिवाद्यांनी आक्षेप घेतले. मराठीत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०१० मध्ये ‘सुबोध बायबल’ दिले आणि ख्रिस्ताची करुणा व संतांची करुणा शेजारी ठेवून वाचण्याची टिळकांची सवय पुढे नेली.

चमत्काराचा प्रश्न आता कायद्याच्या पुस्तकातही गेला आहे. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे जादूटोणाविरोधी कायद्याचा आग्रह धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. तथाकथित चमत्कार करून पैसे उकळणे, लोकांना फसवणे किंवा दहशत बसवणे, तसेच साप-कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यानुसार गुन्हा आहे, मग तो करणारा बुवा असो की पाळक. दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन, कीर्तन, प्रवचन आणि त्याविषयीचे साहित्य मात्र कायद्याने मोकळे ठेवले आहे. नरखेडच्या उत्तर शिवेपलीकडे, मध्य प्रदेशात, धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या कायद्यात दैवी कृपेचे आमिष दाखवणे हेही प्रलोभनाच्या व्याख्येत धरले आहे.